वर म्हणजे बंद

चैत्रात नांदेडला सकाळी दहाच्या सुमारास ऊन इतकं पांढरं पडतं, की काचेच्या दारापलीकडे कोण उभं आहे ते ओळखू येत नाही. दिसते ती फक्त आकृती. आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर तसं एक दार होतं, आणि त्याच्यापलीकडे एक आकृती रोज क्षणभर थबकायची. हात अर्धवट उचललेला, बोटं किंचित वाकलेली, ढकलायचं की ओढायचं याचा निवाडा अजून व्हायचा असल्यासारखी. त्या थबकलेल्या हातावरून आम्ही विद्यार्थी ओळखायचो, की नुसरत मॅडम आल्या. वर्षानुवर्षं त्याच दारातून येणाऱ्या बाईंना ते कोणत्या बाजूला उघडतं हे ठाऊक नसेल, यावर कोण विश्वास ठेवील? एकदा मी धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "मला माहीत हाय रे. पण दार ते सांगतंय का, एवढंच बघून राहिले."

त्यांचा विषय मानवी घटक अभियांत्रिकी. नाव भारदस्त असलं तरी आशय साधा: माणसाच्या हाती जी वस्तू द्यायची, मग ते यंत्र असो, खुर्ची असो वा सरकारी अर्ज, ती त्याच्या हाताच्या मापाची, डोळ्याच्या आवाक्यातली आणि सवयीला धरून आहे की नाही, हे आधी पाहावं. साधा होता म्हणूनच महाविद्यालयात त्याला कोणी विचारत नसे. पूल बांधणारे आणि वीज शिकवणारे प्राध्यापक चहाच्या वेळी एकमेकांकडे पाहून हसत, टेबल-खुर्च्या मोजायला डॉक्टरेट कशाला लागते म्हणत. मॅडम मात्र बाजाराच्या दिवशी गळ्यात टेप अडकवून धान्याच्या मोंढ्यात जात, धान्य चाळणाऱ्या बायांच्या कोपराची उंची मोजत, आणि त्या बाया त्यांना शिंपीण समजून झंपराचं माप घ्यायला सांगत. मॅडम तेही घेत, वहीत शेजारी लिहून ठेवत.

त्यांच्या वडिलांचं नांदेडच्या इतवारा भागात घड्याळं दुरुस्त करण्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, की ते घड्याळ उघडण्याआधी विचारत, कोणत्या हातात बांधता, झोपताना काढून कुठे ठेवता, चावी सकाळी देता की संध्याकाळी. त्या प्रश्नांच्या सावलीत ही मुलगी वाढली. बाहेरगावी शिकली, मोठ्या शहरातल्या नोकऱ्या नाकारल्या, आणि गोदावरीकाठच्या या उन्हाच्या गावी परत येऊन तिनं वडिलांचेच प्रश्न यंत्रांना विचारायला सुरुवात केली.

संशय हा त्यांच्या स्वभावाचा ऋतूच होता, आणि तो बारमाही होता. फक्त त्याची दिशा आपल्यासारख्यांहून उलटी. वर्तमानपत्रात 'चालकाचा ताबा सुटल्याने' असं वाचलं, की त्या चष्मा कपाळावर सरकवून विचारत, ताबा आधी त्याच्या हातात होता का? 'निष्काळजीपणा' हा शब्द तर त्यांच्या दृष्टीस पडायचा अवकाश. जिथे माणसाला दोषी ठरवून कागद बंद केला आहे, तिथे एखादी कळ उलटी बसली असणार, एखादा दिवा दिसू नये तिथे लावला असणार, असं त्यांना वाटे, आणि नवलाची गोष्ट अशी की बहुधा तसंच निघे. वस्तूवर इतका अविश्वास आणि माणसावर इतका भरवसा एकाच देहात कसा नांदतो, हे मला कधी उमगलं नाही.

कारण मी नेमका त्याच्या उलट. मी सोपान, अहमदपूरचा. ताकही फुंकून पिणाऱ्यांपैकी. माझ्याशी कोणी गोड बोललं की मला आधी त्याचं काम आठवतं. मॅडमच्या प्रयोगशाळेत मी चार वर्षं काढली, एसटीच्या चालकांची आसनं मोजली, रिक्षावाल्यांच्या पाठी मोजल्या, माझी प्रत्येक वही त्यांनी तांबड्या शाईनं तपासली. आणि या चार वर्षांत मला अधूनमधून वाटत राहिलं, की या बाई इतक्या चांगल्या असतील तर त्यात काहीतरी गोम आहे. एकदा त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ते वाचलं असावं. म्हणाल्या, "सोपान, तू माणसं लई तपासतो. दमत न्हाईस का?"

मग त्या शासनात गेल्या. कारखान्यांतल्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या एका कार्यालयात त्यांना तज्ज्ञ म्हणून बोलावलं, आणि नांदेडचं ते पांढरं ऊन सोडून त्या लातूरला आल्या. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. महाविद्यालयात सत्य बोलणं सोपं असतं, तिथे ते कोणाला लागत नाही. कार्यालयात प्रत्येक वाक्यावर कोणाचा तरी पाय असतो. खुर्ची भल्याभल्यांना वाकवते, मी म्हणालो. मनात मी त्यांच्या वाकण्याची वाटच पाहू लागलो, हे आज लिहिताना लाज वाटते.

वाकणं राहिलं बाजूला, त्यांनी पहिल्याच वर्षी भांडण काढलं ते न वाकण्यावरून. त्यांच्या कार्यालयात अर्ज घेण्याची खिडकी एवढी खाली होती, की समोरच्या माणसाला कमरेत वाकूनच बोलावं लागे. मॅडम आठवडाभर त्या खिडकीसमोरच्या बाकावर बसून राहिल्या. वाकून बोलणाऱ्या माणसाला थोड्या वेळानं आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटू लागतं, असं त्यांनी टिपणात लिहिलं. वरिष्ठांनी ते टिपण दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा कंटाळून मान्य केलं. खिडकी हातभर वर सरकली. मी ती पाहायला गेलो होतो, आणि तरीही मनाशी म्हणालो, खिडकीचं ठीक आहे, खिडकीला कोणी मालक नसतो.

मी तोवर लातुरातच एका खासगी कंपनीत लागलो होतो. डाळमिलांमध्ये यंत्रं बसवायची, ती चालवून दाखवायची आणि सगळं ठीक असल्याची सही करायची, हे माझं काम. तुरीच्या हंगामात लातूरची हवा पिवळी होते. गिरणीच्या झरोक्यातून येणाऱ्या उन्हात डाळीची धूळ तरंगत असते आणि माणसांच्या भुवया, पापण्या, अंगावरचे कपडे सगळं एका रंगाचं होऊन जातं. अशाच एका हंगामात, मी बसवलेल्या यंत्रावर, मारोती नावाच्या कामगाराची उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मारोती शिरूर अनंतपाळचा. मध्यम वयाचा, अंगानं काटक, कमी बोलणारा. डाळ पुढं नेणारा पट्टा अडकला की तो मोकळा करायचं काम त्याच्याकडे असे; यंत्र चालू-बंद करणारा माणूस वेगळा. त्या दुपारी वीज गेली आणि सगळी यंत्रं थांबली. पट्ट्याच्या रुळात कचरा अडकला होता. वीज येईपर्यंत तो काढून टाकावा म्हणून मारोतीनं आधी भिंतीवरचं बटण पाहिलं, ते बंद आहे अशी खात्री केली आणि मगच हात घातला. वीज परत आली आणि पट्टा फिरला.

बटण चालू होतं. मालक म्हणाले, बंद करायला विसरला आणि आता थापा मारतो. माझी कंपनीही तेच म्हणाली, जरा बऱ्या भाषेत. निष्काळजीपणा असं ठरलं असतं, तर मारोतीची बोटं गेलीच होती, कामही गेलं असतं आणि दुसऱ्या गिरणीच्या दारात कोणी त्याला उभं केलं नसतं. चौकशीला आल्या त्या नुसरत मॅडम.

त्या दिवशी मी कंपनीकडून हजर होतो. मॅडमनी माझ्याकडे पाहून मान हलवली, ओळख दाखवली, जास्त काही नाही. मग एका पोत्यावर बसून त्यांनी सकाळभर नुसतं ते यंत्र पाहिलं. धुळीनं त्यांचा काळा दुपट्टा पिवळा होत गेला. मारोती हाताला पट्टी बांधून समोर उभा होता. साहेबलोकांपुढे उभं राहिलेल्या माणसाची नजर जशी जमिनीला खिळते, तशी त्याची खिळली होती. त्यांनी त्याला बसायला लावलं आणि एवढंच विचारलं, की बटण कसं होतं?

"वर व्हतं म्याडम," तो म्हणाला. "वर म्हंजी बंदच की. घरी बी तसंच हाय."

आपल्याकडे घराघरांतलं बटण खाली दाबलं की दिवा लागतो आणि वर केलं की विझतो. हे आपल्याला कोणी शिकवत नाही, बोटांनाच ते ठाऊक असतं. हे यंत्र बाहेरदेशी घडलेलं. त्याच्यासोबत आलेलं बटण दिसायला आपल्या घरच्यासारखंच, पण रीत उलटी: वर म्हणजे चालू. शेजारी इंग्रजीत दोन बारीक शब्द होते, तेही धुळीनं माखलेले. वीज असती तर पट्ट्याच्या घरघरीनं मारोतीला सत्य कळलं असतं. वीज नव्हती. निःशब्द यंत्रापुढे त्याच्याजवळ फक्त ते बटण होतं, आणि बटण खोटं बोललं.

मी हे सगळं ऐकत उभा होतो आणि मारोतीकडे पाहणं टाळत होतो. कारण ते बटण उलटं आहे हे मला यंत्र बसवतानाच दिसलं होतं. दिसलं होतं, खटकलं होतं, आणि मी पुढे गेलो होतो. वायरमन वापरतात त्या मोठ्या मेन स्विचचा दांडाही वर केल्यावरच चालू होतो, लोक शिकतील, असं स्वतःला सांगून. बदलायला फार तर एक दिवस गेला असता. पण हंगाम तोंडावर होता आणि मालक घाई करत होते. चार वर्षं ज्या बाईंकडे हेच एक शिकलो, तेच मी एका दुपारी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कार्यालयात बोलावलं. टेबलावर चहा होता, खिडकीतून कडुनिंबाची हलती सावली कागदांवर पडत होती. शिपायाला त्यांनी बाहेर पाठवलं. मी तेव्हाच सावध झालो. मग त्या अगदी हळू, वही परत देताना विचारायच्या तशा स्वरात म्हणाल्या, "सोपान, तुला ते बटन उलटं हाय हे दिसलं व्हतं का?"

मी म्हणालो, "नाही मॅडम."

"बरं," त्या म्हणाल्या आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला. तो चहा मी कसा संपवला हे मला आठवत नाही.

महिन्याभरानं अहवाल आला. दोष मारोतीचा नाही, बटणाच्या उलट्या रचनेचा आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. तशी सगळी बटणं बदलावीत असा आदेश निघाला. मारोती पुन्हा त्याच गिरणीत लागला, आता वजनकाट्यावर. माझ्या कंपनीनं निमूट बटणं बदलली. ती बदलायला गिरणीगिरणीतून मीच हिंडलो, आणि प्रत्येक ठिकाणी कामगार मला चहा पाजून म्हणाले, चांगलं काम केलं साहेब.

अहवालात माझं नाव नव्हतं. एखाद्याला सुटल्यासारखं वाटलं असतं. मला भीती वाटली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं. त्यांनी माझं 'नाही' कुठेतरी टिपून ठेवलं असणार, ते एखाद्या फायलीत पडून असणार आणि योग्य वेळी बाहेर निघणार, असं मी धरून चाललो. पुढे त्या भेटल्या की माझ्याकडे क्षणभर जास्त पाहत. बोलता बोलता थांबत, मी काही बोलेन अशा बेतानं. त्या थांबण्यातही मला जाळंच दिसे. मी त्यांना टाळू लागलो. निवृत्तीच्या समारंभाला बाहेरगावी असल्याचं कळवलं आणि घरी बसून राहिलो. त्या नांदेडला परत गेल्या. दरवर्षी ईदला त्यांचा फोन येई. बोलणं संपल्यावर त्या फोन लगेच ठेवत नसत. मी ठेवत असे.

गेल्या थंडीत त्या गेल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीनं, फरहत आपांनी, मला बोलावून घेतलं. मॅडमची पुस्तकं महाविद्यालयाला द्यायची होती, ती लावून देणारं कोणी हवं होतं. त्या कागदांत मला त्या चौकशीची त्यांची स्वतःची वही सापडली. आठ वर्षं मी जिला भ्यालो ती वही मांडीवर होती, आणि मी माझं 'नाही' शोधत होतो.

ते कुठेही नव्हतं. गिरणीतल्या त्या दिवसाच्या पानावर, त्यांच्या ठसठशीत अक्षरात, पूर्ण निष्कर्ष लिहिलेला होता: बटण सवयीविरुद्ध, कामगार निर्दोष. खाली तारीख त्याच दिवसाची, म्हणजे मला विचारलं त्याच्या आदल्या दिवसाची. आणि पानाला एक छायाचित्र टाचलेलं होतं. बटणाच्या मागची लोखंडी पेटी उघडून, दाराच्या आतल्या बाजूचं काढलेलं. तिथे काळ्या शाईच्या जाड पेननं एक बाण होता आणि शेजारी शब्द: 'वर = चालू. लक्षात ठेवणे.' अक्षर माझं. यंत्र बसवताना, वायरमनचा गोंधळ होऊ नये म्हणून, मीच लिहिलेलं, आणि साफ विसरलेलं. पेटीचं दार बंद झालं की ते कोणालाच दिसणार नव्हतं, मारोतीला तर नाहीच. पण चार वर्षं ज्यांनी माझ्या वह्या तपासल्या, त्यांना ते अक्षर ओळखायला किती वेळ लागला असेल?

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मारोतीला सोडवायला त्यांना माझ्या उत्तराची गरज नव्हती. मी खोटं बोलेन हे धरूनच त्यांनी आदल्या दिवशी त्याची सुटका पक्की करून टाकली होती. माणूस घाबरेल, दमेल, चुकेल हे गृहीत धरून वस्तू घडवावी, असंच त्या आम्हाला शिकवत. मग त्या दुपारी शिपायाला बाहेर पाठवून मला का विचारलं? तेव्हा प्रथमच मला त्या प्रश्नात जाळं दिसलं नाही. आणि लगेच, माझा स्वभाव जात नाही, दुसरी शंका आली: इतक्या निःस्पृह बाईंनी माझं नाव का गाळलं? खुर्चीपुढे त्या कधी वाकल्या नाहीत. वाकल्या असतील तर एकदाच, आणि ते माझ्यासाठी. त्यांना तो अधिकार होता का?

हा प्रश्न घेऊन मी शिरूर अनंतपाळला गेलो. मारोती आता थकला आहे, गिरणी सोडली आहे. घरापुढच्या ओट्यावर बसून उरलेल्या तीन बोटांनी तो शेंगा फोडत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, बटण, घाई, ते अक्षर, ते 'नाही'. त्यानं मला मध्ये अडवलं नाही. माझं संपल्यावर जरा सरकून बसायला जागा केली.

"मला ठाव हाय सायेब," तो म्हणाला. "चौकशी झाल्याव म्याडम हितं आल्या व्हत्या. म्हनल्या, पेटीत आतून लिवलेलं घावलंय, लिवनारा माझ्या हाताखाली शिकलाय. त्याचं नाव घालू का, तूच सांग, बोटं तुजी गेलीत."

"मग?"

"म्या म्हनलं, नाव घालून बोटं येतेत का? माझ्यावरचा बट्टा तेवढा काढा. तवा त्या म्हनल्या, त्यो येऊन सांगंल तुला आपल्या तोंडानं. त्याला येऊ दे." त्यानं एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. "दर साली फोन करायच्या. आला व्हता का, म्हनून इचारायच्या. म्या म्हनायचो, न्हाई अजून."

दाणे हातात तसेच राहिले. मी विचारलं, शेवटचा फोन कधी आला होता.

"मागल्या दिवाळीला," तो म्हणाला. "आवाज लई खोल गेल्ता."

ऊन कलून ओट्यावरून खाली उतरलं होतं आणि गल्लीत शाळा सुटल्याचा गलबला होता. लातूरहून शिरूरला यायला मला कधीच दीड तासाहून जास्त वेळ लागला नसता. गेलेल्या माणसाची आठवण मागे उरलेले राखतात, असं मी समजत होतो. इथे दोन माणसांनी आठ वर्षं माझी वाट राखली होती, आणि मी पोचलो तेव्हा त्यांतलं एकच उरलं होतं.